कवडीतला उजेड

सभागृहाच्या खिडक्यांना चटया टांगून अंधार केला होता. आत वुनिसेई गाव झाडून सारं बसलं होतं. पुढे म्हातारे, मागे बायका, दारात पोरांचा गुंता. घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास कोंडला होता. बाहेर शनिवारची लख्ख सकाळ होती, पण तिची कुणाला आठवण नव्हती. सगळ्यांचे डोळे एका माणसाच्या डोक्यावर खिळले होते.

ते डोकं होतंच तसं. परोफिता, म्हणजे प्रेषित, म्हणवणाऱ्या इनोकेने जुन्या सरदारांसारखे केस राखले होते. काळेभोर, राठ, चहूबाजूंनी फुलवलेले, दोन कलिंगडं एकाशेजारी एक मावतील एवढे. त्या केसांच्या छपराखाली दोन बारीक डोळे आणि एक भरघोस आवाज.

"बसचं कार्ड कुणाकुणाकडे आहे? हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले. जाणारच. बसमध्ये रोख पैसे घेणं बंद झाल्यापासून कार्डाशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायची सोय उरली नव्हती. त्यापाठोपाठ म्हाताऱ्यांच्या पेन्शनला कार्ड आलं, शाळेत हजेरीला कार्ड आलं, आणि आता दवाखान्यातही येणार अशी आवई होती.

"त्या कार्डात सेल कुठून घालता?" इनोकेने विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"सेल नाही घालत," कुणीतरी म्हणालं.

"टॉर्चला सेल लागतो. रेडिओला लागतो. मोबाइल तर रोज भिंतीला तोंड लावून दूध पितो! मग हे एवढंसं प्लास्टिक मशिनसमोर धरलं की 'टिट्' करून बोलतं, ते कुणाच्या जिवावर?" तो थांबला. "तुमच्या! चढताना एक घोट, परत येताना एक घोट. पायाला मुंग्या कुणाच्या येतात? जखम कुणाची भरत नाही? डोळ्यांना अंधारी कुणाला येते?"

पुन्हा हात वर. पुढच्या रांगेतले तर जवळजवळ सगळेच.

दाराशी बसलेल्या तोरिकाने डोळे मिटून घेतले. ती नौसोरीच्या माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. वुनिसेई तिच्या आईचं गाव. गावात घरटी एकाला तरी मधुमेह होता. चहात साखर अशी घालायची की चमचा उभा राहावा, आणि वर क्रीमचा बन. एवढ्या भांडवलावर पायाला मुंग्या कुणाच्या येतात हे विचारायला परोफिता कशाला हवा होता? पण ते ओळखणं तिला जमलं होतं, आणि लोकांचा विश्वास इनोकेने कमावला होता. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

ती आली होती मोमो सेमेसाला न्यायला. सेमेसा तिचा सख्खा मोमो, आईचा धाकटा भाऊ. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम होती आणि ती दर शनिवारी नौसोरीच्या दवाखान्यात धुऊन बांधावी लागे. घरी कुलूपही नव्हतं नि माणूसही नव्हतं, म्हणून ती इथे आली. आणि आता तिच्या डोळ्यांदेखत मोमोच लंगडत चटईपुढे निघाला होता.

इनोकेने दोरीत ओवलेली एक मोठी पांढरी कवडी काढली. ती त्याने मोमोच्या पट्टी बांधलेल्या पायाजवळ धरली. काहीच झालं नाही.

"पाहा. अंधार! पायातला जीव गेलेला आहे. आण ते कार्ड."

मोमोने कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं, जसा एखाद्या सरदाराला नजराणा द्यावा. इनोकेने स्टोव्हवर लाल केलेला खिळा चिमट्यात धरला आणि कार्डाच्या कडेजवळ टोचला. प्लास्टिक चुर्र वाजलं, जळका वास सुटला. मग डोळे मिटून, ओठ हलवत, त्याने ती कवडी सावकाश स्वतःच्या डोक्यावर नेली.

कवडी उजळली. आतून, गुलाबी, निखाऱ्यासारखी. वायर नाही, सेल नाही, काही नाही.

"इसाऽऽ!" सगळं सभागृह एका श्वासात म्हणालं. बायका रडू लागल्या. मोमोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"प्यायलेला जीव परत आला!" इनोके म्हणाला. "आता हे कार्ड घराच्या खांबाला टांग. त्या बसमध्ये चढू नकोस, त्या मशिनच्या दवाखान्यात जाऊ नकोस. कुठे जायचंच झालं तर माझा मेहुणा तोमासी ट्रक घेऊन उभा आहे. त्याला रोख पैसे चालतात."

मोमोच्या पाठोपाठ सगळ्यांची कार्डं येऊ लागली. तोरिका बघत राहिली. खिळा कुठे टोचला जातो हे ती बघत होती. मधोमध एकदाही नाही. दर वेळी कडेला.

*

"चल मोमो, ड्रेसिंग राहिलंय," ओसरीवर येताच ती म्हणाली.

"आता गरज नाही पोरी. हलकं वाटतंय बघ."

"हलकं? सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणून."

"तिला कळायचं नाही," मोमो बायकोला म्हणाला. "फार शिकली की असं होतं."

नेई वासिती, म्हणजे मामी, चुलीवरचे तवियोकाचे कंद उतरवत होती. ती तडकली. "तिला कळायचं नाही आणि तुला कळलं! त्या केसाळ माणसाच्या मेहुण्याच्या ट्रकमध्ये बसून काल मी बाजारात गेले. बसच्या दुप्पट पैसे घेतले आणि वर डाळूच्या कंदांची पोती मांडीवर दिली. देवाची सेवा म्हणे."

"वासिती, देवाच्या माणसाबद्दल तोंड सांभाळ."

"देवाच्या माणसाने आधी मेहुण्याला ब्रेक लावायला शिकवावं."

तोरिका मोमोसमोर बसली. खांबाला टांगलेलं भोक पडलेलं कार्ड तिने काढून उन्हाकडे धरलं. "मोमो, इकडे बघ. या कडेकडेने काळी रेघ दिसते? ती तार आहे. केसाहून बारीक, कार्डाच्या चारी बाजूंनी गुंडाळलेली. त्या तारेला इथे एक चिप जोडलीय, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. बसचं मशिन हवेतून वीज पाठवतं, ती ही तार पकडते. तेवढ्या विजेवर चिप मशिनला नंबर सांगते. संपलं. तुझ्या अंगातलं काहीच यात जात नाही."

"हवेतून वीज?" मोमो हसला. "मग हवेत हात हलवला की मला शॉक का बसत नाही?"

"फार थोडी असते. आणि चार बोटांच्या अंतरात संपते."

"कवडीतपण तार आहे म्हणतेस?"

"कवडीत तार आणि एक दिवा. आणि वीज पाठवणारं मशिन त्याच्या केसांत."

मोमोचा चेहरा एकदम बंद झाला. खिडकी लावून घ्यावी तसा. "तोरिका. माणसाच्या डोक्याबद्दल असं बोलू नये. तुझ्या आईने हे शिकवलं नाही का?"

शिकवलं होतं. उभ्या गावाला शिकवलेलं होतं. डोकं ही माणसाची सर्वांत पवित्र जागा. कुणाच्या डोक्यावरून हात न्यायचा झाला तरी आधी 'तुलोऊ' म्हणून माफी मागायची. फळीवरचा डबा काढताना खाली कुणी बसलं असेल तर त्याला आधी उठवायचं. पोरंसुद्धा भांडताना एकमेकांच्या झिंज्या धरत नाहीत. इनोकेने आपलं यंत्र जगातल्या सर्वांत सुरक्षित तिजोरीत ठेवलं होतं, आणि कुलूप गावाने स्वतः लावलं होतं.

*

पुढच्या खेपेला ती तयारीने आली. तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, त्याला जोडलेला मोहरीएवढा दिवा. वर्गात पोरांना दाखवायला ती हे नेहमी करायची. लोचनची बस गावाच्या टोकाला वळून उभी राहिली, तेव्हा मोमोला तिने जवळजवळ ओढतच नेलं. मोमो बसमध्ये चढला नाही. दाराशी उभा राहिला, दोन हात लांब.

"लोचन, तुझं मशिन जरा वापरू?"

"वापरा मॅडम." ड्रायव्हर लोचन प्रसादने पानाचा तोबरा गालात सरकवला. "तुमच्या गावाने माझी बस ओस पाडलीय. आज नुसत्या चार कोंबड्या आल्या. त्यांच्याकडेपण कार्ड नव्हतं."

तोरिकाने तारेचं वेटोळं मशिनसमोर धरलं. दिवा लागला. मागे घेतलं, विझला. पुन्हा धरलं, लागला.

"बघ मोमो! कवडीतला उजेड हाच. सेल नाही, चमत्कार नाही. धर तूच हातात."

मोमोने हात मागे घेतला. बराच वेळ तो त्या दिव्याकडे बघत राहिला. तोरिकाला वाटलं, पटलं. 

"म्हणजे परोफिता म्हणतो ते खरंच," मोमो हळूच म्हणाला. "मशिनमध्ये ते आहे. तुझ्या हातालासुद्धा लागलंय ते. पोरी, तू हे सोड. नाद वाईट आहे."

"अरे, पण—"

"मी प्रार्थना करीन तुझ्यासाठी."

लोचनला हसू आवरेना. "मोमो सेमेसा, हे मशिन रक्त पीत असतं तर आमच्या मालकाने डिझेल कशाला भरलं असतं? गाडी तुमच्यावरच चालवली असती की!"

मोमो लंगडत परत निघाला. तोरिका बसच्या पायरीवर बसली. इतका स्वच्छ प्रयोग तिने आयुष्यात केला नव्हता, आणि इतका वाया गेलेलाही. पुरावा पुढे ठेवला की माणूस बदलतो असं ती वर्गात शिकवायची. इथे पुरावा भुताच्या पोटात जाऊन भूतच धष्टपुष्ट झालं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरणीच्या बोटांतूनही तेवोरो, म्हणजे सैतान, उजेड पाडतो.

ती गावप्रमुख पेनायाकडे गेली. पेनाया शहाणा माणूस होता, आणि शहाण्या माणसासारखाच सावध.

"कवडी छातीपाशी धर म्हणावं त्याला. पोटापाशी धर म्हणावं. नाही लागणार."

"मी विचारलं होतं तोरिका. तो म्हणाला, डोकं हे देवाचं आसन, उजेड तिथेच उतरणार. सगळ्यांना पटलं."

"पटायचंच. बरं, कार्डाला भोक दर वेळी कडेला का पडतं? तार कडेला असते म्हणून. मध्ये टोचलं तर कार्ड मरत नाही. ज्याला यंत्रातलं काही कळत नाही त्या देवमाणसाला हे कुणी सांगितलं?"

पेनायाने यंगोनाच्या काढ्याचा रिकामा वाडगा चटईवर फिरवत ठेवला. त्याला पटत होतं, हे दिसत होतं. "मग तुझं म्हणणं काय? त्याच्या केसांत हात घालायचा?"

"कुणीतरी."

"कोण? मी? माझ्या आजोबांच्या काळात एवढ्यावरून दोन गावांत मुडदे पडलेत. उद्या तू खोटी निघालीस तर मला माफीचा देवमाशाचा दात घेऊन त्याच्या पाया पडावं लागेल. आणि खरी निघालीस तरीही!"

"आणि मोमोचा पाय?"

पेनाया बाहेर बघू लागला. बाहेर तोमासीचा ट्रक गच्च भरून चालला होता.

*

आठवड्याच्या मधेच नेई वासितीचा फोन आला. एवढी फटकळ बाई, पण आवाज अगदी बारीक होता.

"तोरिका, पायाला वास येतोय. मी म्हटलं ट्रकमधून चल, तर म्हणतो शनिवारी परोफिता हात फिरवणार आहे. दोन बोटं काळी पडलीत गं. तू ये."

तोरिका गेली, विनवण्या केल्या, ओरडली, रडली. गावात फेरीला येणाऱ्या नर्सबाईंना घेऊन आली. त्यांनी पट्टी सोडली आणि तोंडावर हात धरला. "आत्ता न्या. मी गाडी मागवते." मोमोने दोघींकडे पाठ फिरवली. माणूस शुद्धीवर आहे, नाही म्हणतोय; उचलून कसा नेणार? "शनिवारनंतर," एवढंच तो म्हणत राहिला. म्हणजे त्याचा पाय आता डॉक्टरच्या हातात नव्हता, इंजेक्शनच्याही नव्हता. एका कवडीच्या हातात होता.

त्या दिवशी परतताना तोरिकाने शाळेतून हजेरीचं एक जुनं मशिन मागून घेतलं. त्याचं वरचं झाकण फुटल्यामुळे ते टाकून दिलेलं होतं. आतली सर्किटची पट्टी आगपेटीएवढी. तिने ती मोबाइलच्या छोट्या बॅटरीला जोडली. मग दोन दिवस केस धुऊन, तेल न लावता, विंचरून विंचरून फुलवले. शाळेतल्या बायका म्हणाल्या, "तोरिका, लग्नबिग्न ठरलं की काय?"

शनिवारी सभागृह पुन्हा भरलं. चटया टांगल्या. इनोके उठून उभा राहिला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मागून तोरिका आली. बसलेल्यांमधून कमरेत वाकून, "तुलोऊ, तुलोऊ" म्हणत, थेट चटईपर्यंत.

"मी या गावाची भाची आहे," ती म्हणाली. "भाचीने मागितलं तर हे गाव डुक्करही नाकारत नाही. मी डुक्कर मागत नाही. ही चटई मागते, थोडा वेळ."

कुजबुज झाली. इनोके हसून म्हणाला, "देवाची चटई मागायला हिचं काय—"

"चटई गावाची आहे," पेनाया बसल्या जागेवरून म्हणाला. "भाचीने मागितलीय. द्यावी लागेल."

इनोके बाजूला सरकला. तोरिकाने खिशातून स्वतःची एक कवडी काढली. आवाज तिने वर्गातला काढला.

"टॉर्चला सेल लागतो! रेडिओला लागतो! मग ही कवडी कुणाच्या जिवावर जळते?" कवडी तिने पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या गुडघ्याशी धरली. अंधार. पेनायाच्या हाताशी. अंधार. मग डोळे मिटून, ओठ हलवत, ती सावकाश स्वतःच्या डोक्यावर नेली.

कवडी उजळली. हिरवी. तिला गुलाबी दिवा मिळाला नव्हता.

"इसाऽऽ!" तोच श्वास. तेच डोळे. पुढच्या म्हातारीने हात जोडले. "सेमेसाच्या भाचीवरही उतरला! पोरी, माझ्या गुडघ्यावर हात फिरव गं!"

तोरिकाला क्षणभर सगळं सोडून निघून जावंसं वाटलं. किती सोपं होतं हे. दहा मिनिटांत तीही परोफिता झाली असती. केस तेवढे रोज फुलवावे लागले असते.

ती मोमोसमोर गुडघे टेकून बसली आणि मान खाली घातली.

"मोमो, माझ्या केसांत हात घाल."

सभागृह गोठलं. मोमो दचकून मागे सरला. "वेडी झालीस?"

"डोकं माझं आहे. मी सांगतेय. सगळ्यांसमोर सांगतेय, कुणाला याची माफी मागावी लागणार नाही. घाल हात."

"नको पोरी. लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच तर. मोमो, तू मला कडेवर घेऊन नदी पार केलीस. पाय तुझा जातोय आणि मला एवढंही करू देत नाहीस?"

मग मोमोने हात उचलला. "तुलोऊ," तो पुटपुटला, एकदा नाही, तीनदा. त्याची बोटं तिच्या केसांत शिरली आणि थांबली. त्याने बाहेर ओढलं. आगपेटीएवढी हिरवी पट्टी, एक वायर, बॅटरी, आणि त्याबरोबर तिचे दहा-बारा केस.

तोरिकाने पट्टी जमिनीवर ठेवली, वर कवडी धरली. लागली. चार बोटं वर नेली. विझली. "घ्या. तुम्ही धरा. तुम्ही धरा." कवडी हातोहात फिरली. म्हातारीच्या हातात लागली, दारातल्या पोरांच्या हातात लागली. चर्चला न जाणाऱ्या जोनेच्या हातातही लागली, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"हे शाळेतलं फुटकं मशिन आहे," ती म्हणाली. "हे हवेत थोडी वीज सोडतं. कवडीत तारेचं वेटोळं आहे, ते ती वीज पकडतं नि दिवा लागतो. बसमध्ये कार्ड बोलतं ते असंच. कार्डाला सेल नाही, कारण सेल मशिनकडे आहे. तुमचा जीव त्याला नकोय. पायाला मुंग्या येतात त्या साखरेने. ज्या जखमा धुतल्या नाहीत त्या भरत नाहीत."

सगळ्या माना इनोकेकडे वळल्या.

"हिने यंत्राने केलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजाची पोकळी पहिल्यांदाच ऐकू आली. "मी प्रार्थनेने करतो. आणि माझ्या डोक्याला कुणी हात लावला, तर त्याच्या सात पिढ्या—"

"कुणी लावणार नाही," पेनाया उठला. गावप्रमुख म्हणून तो सावकाश उठत असे, आजही तसाच. त्याने आपल्या केसांत खोचलेला लांब दात्यांचा लाकडी कंगवा काढला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, इनोकेपुढे धरला. "आमच्याकडून तुमच्या डोक्याचा अवमान होणार नाही. आपणच फिरवा. मुळापासून."

इनोके कंगव्याकडे बघत राहिला.

"मी... शनिवारी केस विंचरत नाही."

"मग उद्या चर्चला असाच जाणार?" नेई वासिती मागून ओरडली.

"मला तशी आज्ञा आहे."

"फक्त एकदा, परोफिता," पेनाया म्हणाला. "डावीकडून उजवीकडे."

सभागृहभर हसण्याची एक लाट गेली, आणि ती हळूहळू हसण्यासारखी राहिली नाही. इनोकेने दोन्ही हात केसांवर धरले, पावसात छत्री धरावी तसे, आणि बाजूच्या दाराने निघाला. थोड्याच वेळात तोमासीचा ट्रक सुरू झाल्याचं ऐकू आलं. त्या दिवशी त्याने प्रवासी घेतले नाहीत.

*

ही गोष्ट इथे संपली असती तर लिहायला बरी होती.

मोमोचा पाय अर्धा कापावा लागला. पाचही बोटं आणि त्यांच्यामागचा भाग. तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, पंधरवडाभर आधी आणलं असतं तर अंगठाही राहिला असता बहुधा. तोरिका व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. कुणावर चिडावं हेच तिला कळेना. इनोकेवर? तो तर चोरच होता, चोराने चोरी केली. पोलिसांनी तक्रार लिहून द्या म्हटल्यावर वुनिसेईतून एकही माणूस पुढे आला नाही. आपण फसलो हे कागदावर कोण लिहून देणार? तिने एकटीने दिली, तर तिला विचारलं गेलं, तुमचं काय नुकसान झालं?

गावात नवी कार्डं आली, लोचनची बस पुन्हा भरली. पण भोक पडलेली जुनी कार्डं काही घरांच्या खांबांना तशीच टांगलेली राहिली. "तो माणूस खोटा होता गं," म्हातारी म्हणायची, "पण असू दे, काय बिघडतं?"

आणि मग कळलं की नदीपलीकडच्या नालोमा गावात इनोके उतरला आहे. तेच केस, तीच कवडी.

"पोलीस काही करणार नाहीत," तोरिका वैतागून म्हणाली. "आणि तिथे मी कुणाची भाचीही नाही. मला कोण उभं करेल?"

मोमो कुबड्या काखेत अडकवत होता. "तू कशाला? मला घेऊन चल."

ते गेले तेव्हा नालोमाच्या सभागृहात चटया टांगलेल्या होत्या आणि मधल्या चटईवर कार्डांची रास पडली होती. इनोकेने त्यांना बघून हातातला खिळा खाली ठेवला. मोमोने रीतीप्रमाणे यंगोनाची मुळं गावापुढे ठेवली, टाळ्या वाजवल्या, बोलायची परवानगी मागितली. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.

मग त्याने बसल्या बसल्या पायाची पट्टी सोडली. सगळी. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडं फिरवली.

"फिरवू नका तोंडं," मोमो म्हणाला. "बघा. या माणसाने माझ्यासमोर दिवा लावला होता. दिवा खरा होता, मी डोळ्यांनी पाहिला. तो कसा लागतो ते ही माझी भाची सांगेल, तिला शिकवता येतं. मला फक्त एवढंच सांगता येतं, की तो कसा लागतो हे मी विचारलं नाही. विचारायला पैसे पडत नाहीत, देव रागवत नाही. देवाला तेवढं चालत नसेल तर तो देव कसला? मला लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळे गप्प होते म्हणून मीही गप्प राहिलो. तुम्ही गप्प राहू नका. चमत्कार दिसला तर जवळ जा. हातात घेऊन बघा. उलटा करून बघा. कुणी म्हणालं, इथे हात लावायचा नाही, तर नेमकं तिथेच काय आहे ते विचारा. आणि जखम झाली तर धुवा, दवाखान्यात जा. बास. मी काही मोठा माणूस नाही."

तो थांबला. इनोके काहीतरी बोलायला लागला. प्रार्थना, परीक्षा, श्रद्धेची कसोटी. पुढे बसलेले काहीजण माना डोलावू लागले. पुन्हा तेच.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली. वाकून, "तुलोऊ, तुलोऊ" म्हणत, माणसांमधून वाट काढत ती चटईपाशी आली. राशीत हात घालून तिने आपलं कार्ड शोधलं, उलटसुलट करून कडा तपासल्या, कमरेला खोचलं, आणि इनोकेकडे न बघता विचारलं, "ती कवडी जरा इकडे द्या बघू."